एक गोष्ट सांगायची

आमच्या बाईंना ‘छान खेळलीस’ हे वाक्य चालत नसे. सामना संपला, शेवटची शिट्टी झाली, की दोन्ही संघांनी मधल्या पाटीच्या दोन अंगांना रांगेत उभं राहायचं. समोरच्या मुलीचा हात हातात घ्यायचा आणि तिच्या खेळातली एक गोष्ट तिला सांगायची. त्याच सामन्यातली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. ‘तुझा शेवटचा सूर जबरदस्त होता.’ ‘तुम्ही खो इतका झटपट देता, की आम्हाला दम घ्यायला उसंतच मिळाली नाही.’ एवढंच बोलायचं आणि पुढच्या मुलीकडे सरकायचं. कुणी ‘छान खेळलीस’ म्हणून हात सोडवून घेतला तर बाई नंतर तिला गाठत. “काय छान खेळली ती? सांग बघू.” सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशीच्या सरावात तिने कडेला बसून फक्त इतरांचा खेळ बघायचा. ही शिक्षा नाही, असं बाई म्हणत. पळायला मिळत नसेल तर आम्हाला ती शिक्षाच होती.

मी माणदेशातली. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा दुष्काळी पट्टा. आमच्याकडे पाऊस कमी आणि पळणारी माणसं जास्त, असं आम्ही थट्टेने म्हणतो. १९८० च्या आसपास बाई आमच्या हायस्कूलमध्ये खेळ शिकवायला आल्या तेव्हा शाळेमागचं मैदान म्हणजे नुसता मुरूम होता. पडलं की गुडघ्याची सालपटं निघायची. बाईंनी पहिल्या महिन्यात खेळ शिकवलाच नाही, आमच्याकडून दगड वेचून घेतले. तळ्यातली गाळाची माती बैलगाड्यांनी आणवली, तिच्यावर पाणी मारून ती दाबून घेतली. गावच्या सुताराकडून बाभळीचे दोन खांब गोल करून घेतले. ते इतके तासून घेतले, की हाताला कूस लागू नये. मग फक्कीने रेषा आखल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “आता बसा.” उठणं, खो देणं, पळणं हे सगळं पुढे. आधी नीट बसायला शिकायचं. चौकोनात उकिडवं, टाचा उचललेल्या, एकीचं तोंड पूर्वेला तर तिच्या शेजारणीचं पश्चिमेला.

मुलींनी आखूड चड्डी घालून मैदानावर पळायचं, हे गावाला पटणारं नव्हतं. बाई घरोघर गेल्या. आमच्या घरी वडील काही बोलायच्या आत आजीच म्हणाली, “शेतात खुरपताना आम्ही काष्टा वर खोचतोच की. तवा कुनी काय म्हनत न्हाई.” विषय तिथेच संपला. सगळ्याच घरांत असा संपला नाही. दोन चांगल्या पळणाऱ्या मुली आम्हाला कधीच मिळाल्या नाहीत.

हस्तांदोलनाचा सराव बाई खेळाइतकाच करून घेत, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. रोज संध्याकाळी आमचेच दोन संघ पाडून सामना व्हायचा आणि शेवटी रांग लागायची. त्या रांगेचंही बाईंनी एक शास्त्र केलेलं होतं. पाणी नंतर, हात आधी. कारण सगळ्या जणी पाण्याकडे पांगल्या, की घोळके होतात, आणि घोळक्यात कुणीतरी काहीतरी बोलतं. हात देण्याआधी तळवा चड्डीला पुसायचा, मातीचा हात पुढे करायचा नाही. डावा हात कमरेवर ठेवायचा नाही. रांगेत पहिली कर्णधार, तिच्यामागे सगळ्यात लहान मुलगी. जी जास्त चिडलेली असेल तिला शेवटी ठेवायची नाही, मध्ये घ्यायची, तिच्या पुढे-मागे शांत मुली द्यायच्या. हे त्या आम्हाला उघड सांगत नसत, दंडाला धरून जागा बदलत. आपल्याला मध्ये घेतलं, की आपला चेहरा कसा दिसत असणार हे आपोआप कळायचं.

हात का, नमस्कार का नाही, असं एकदा मुख्याध्यापकांनीच विचारलं होतं. आपली पद्धत नमस्काराची, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, “नमस्कार लांबून होतो, सर.” कुणाचा हात कुणाला लागतो याचा हिशेब ठेवणारी माणसं तेव्हा गावात होती. आता नाहीत असं मी म्हणणार नाही. आमच्या संघात सगळ्या वस्त्यांच्या मुली होत्या. खो-खोचा नियमच असा, की बसलेलीच्या पाठीला मागून हात लावल्याशिवाय खो होत नाही. बाईंनी या विषयावर आमच्यापुढे कधी भाषण केलं नाही. रोज हात लावायला लावला, आपल्यांना पाठीवर आणि समोरच्यांना हातात.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे पहिले नियम केले ते १९१४ साली. पुढे ते अनेकदा बदलले. वेळ, मापं, गुण, सगळ्याला नियम आहे. पण ‘एक गोष्ट सांगायची’ हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. बाईंनी तो कुठून आणला, मला माहीत नाही. मी विचारलं ते वेगळंच. “बाई, राग आलेला असताना चांगलं कसं बोलायचं?” त्या मैदानाच्या कडेला बसून शिट्टीची दोरी सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “राग ठेव की तुझ्यापाशी. रागाला मी कुठं काय म्हणते? हात दे आणि एक गोष्ट सांग.”

या बोलण्याचा खरा कस लागला तो १९८४ च्या जिल्हा स्पर्धेत. मी नववीत होते. अंतिम सामना साताऱ्याला, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेशी. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात आमची सगळ्यात चांगली पळणारी मुलगी मैदानावर होती आणि ती टिकली असती तर आम्ही जिंकलो असतो. पाठलागात ती कडेच्या रेषेपर्यंत गेली, एका पायावर तोल सावरला आणि आत वळली. पंचांची शिट्टी झाली. मैदानाबाहेर, बाद. पण तिचा एक पाय आत होता. मी कडेलाच बसले होते. फक्कीच्या पांढऱ्या रेषेला लागून आतल्या बाजूला तिच्या अनवाणी पावलाचा ठसा ओल्या मातीत उमटला होता, पाचही बोटं मोजता येतील इतका स्पष्ट. ती त्या ठशाकडे बोट दाखवत राहिली. पंच बघायला आले नाहीत. पुढच्या पाठलागात त्यावरून दोन्हीकडच्या मुली धावल्या आणि ठसा गेला.

एका गुणाने आम्ही हरलो.

आमच्याकडे रडारड झाली. गावाहून ट्रकने आलेली मंडळी रेषेपाशी येऊन ओरडायला लागली. तक्रार द्या, पैसे आम्ही भरतो, असं कुणीतरी बाईंना सांगत होतं. बाईंनी त्यांना हाताने मागे सारलं आणि आमच्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, “रांग.” जिला बाद दिलं होतं तिला मध्ये घेतलं. मला तिच्या मागे उभं केलं.

माझ्यासमोर जी मुलगी आली ती उंच, उन्हाने रापलेली, दोन वेण्या वर बांधून त्यांना लाल फिती लावलेली. त्याच सामन्यात मला बाद करणारी हीच. मी खांबाकडून आत शिरत होते, ती खांबाजवळच्या चौकोनात बसली होती. तिच्या पाठीवर खो पडला आणि मला वळायला सवड मिळायच्या आत तिचा तळवा माझ्या दंडावर होता. मला तिच्याबद्दल काही चांगलं वाटत नव्हतं. तरी सवयीने तोंडून निघालं, “खो पडायच्या आधीच तुझ्या टाचा उचललेल्या होत्या. मी पाहिलं.”

तिने माझा हात सोडला नाही. उलट जरा घट्ट धरला, खाली वाकली आणि म्हणाली, “खांबाकडनं आत शिरताना तू आधी डावा खांदा टाकतीस. लांबनं दिसतं.”

आणि ती पुढे सरकली. माझ्या मागच्या मुलीला काय सांगितलं, मला ऐकू आलं नाही.

परतीच्या एस.टी.त सगळ्या जणी पंचांना शिव्या घालत होत्या. मी बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांना हे सांगितलं. बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. एवढ्यातेवढ्याने गहिवरणारी बाई ती नव्हे, त्या हिशेब करत होत्या. मग म्हणाल्या, “मला दिसलं नव्हतं ते. रोज बघते तुला, तरी दिसलं नाही. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हात पाठीमागे धरून खांबाजवळ पळायला लावलं. हात मागे बांधलेले असले, की खांदा आधी टाकता येत नाही. टाकला तर तोल जातो आणि माणूस तोंडावर पडतं. मी पडले, पुष्कळ पडले. हळूहळू पाय आधी जायला लागला, खांदा त्याच्या मागे आला. मग हात सोडून, मग कुणी पाठलागावर असताना. पावसाळा संपेपर्यंत ते अंगवळणी पडलं. ज्यांनी खो-खो खेळला नाही त्यांना एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक, असं वाटेल. पण पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, एकदा निघाली की खांबापर्यंत तिची दिशा बांधलेली. पळणारी कुठून आत शिरणार याचा अंदाज एक पाऊल आधी लागला तर ती बाद, नाही लागला तर ती सुटली. सगळा खेळ त्या एका पावलाचा आहे. माझं ते पाऊल वर्षभर सगळ्यांना दिसत होतं आणि सांगणारी भेटली ती विरुद्ध संघातली.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत, त्याच शाळेशी गाठ पडली. ती पुन्हा खांबाजवळच बसली होती. मी आत शिरले आणि तिला अंदाज आला नाही. शिट्टी होईपर्यंत मी पळत होते. रांगेत तिने हात देताना काही सांगितलंच नाही, नुसती हसली. मला वाटलं, बाईंनी हिला कडेला बसवायला हवं.

त्या वर्षी जिल्हा संघात आम्ही दोघी निवडल्या गेलो. कुठल्याशा शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून, जाजमावर झोपायचो. ती रात्री घरच्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडायची आणि कुणालाही विचारल्याशिवाय सगळ्यांच्या हातावर ठेवायची. खांबावरचा सूर मी तिच्याकडून शिकले. खांबाला एका हाताने विळखा घालून अंग पूर्ण आडवं झोकून द्यायचं, पलीकडे दुसरा हात पोहोचेल तितका लांब. माझ्या कोपराची सालं निघत, तिच्या अंगावर कधी ओरखडा दिसला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत कुमारी गटातल्या सर्वोत्तम खेळाडूला जानकी पुरस्कार देतात. त्याला तोलामोलाची मुलगी मी जवळून पाहिली ती हीच.

दहावीची परीक्षा झाली आणि तिचं लग्न ठरलं. आमच्या बाई दुसऱ्या तालुक्यात, ना ओळख ना देख, तिच्या घरी गेल्या. तिच्या वडिलांनी त्यांना चहा दिला, मुलीच्या खेळाचं कौतुक केलं, भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं आणि तारीख धरली आहे, असं नम्रपणे सांगितलं. लग्नाला बाई गेल्या. मलाही घेऊन गेल्या. मुंडावळ्या बांधलेली ती मला बघून म्हणाली, “आता तू बस खांबाजवळ.”

मी बसले. आजही तिथेच आहे म्हणायचं. बी.पी.एड. केलं, जिल्ह्यातल्याच एका हायस्कूलमध्ये लागले, पंचांची परीक्षा दिली. बाईंचा नियम माझ्या संघांना लावला. त्याने माझी पोरं सज्जन झाली असा दावा मी करत नाही. काही झाली, काही आहेत तशीच राहिली. पण ती समोरचा खेळ बघायला शिकली, हे मी खात्रीने सांगते. सामन्यानंतर समोरच्याला एक खरी गोष्ट सांगायची आहे म्हटल्यावर सामना चालू असताना त्याच्याकडे नीट बघावं लागतं. नुसत्या स्वतःच्या गुणांकडे बघून भागत नाही. संस्काराच्या गोष्टी सगळेच करतात. बाईंनी तो संस्कार सरावाच्या वेळापत्रकात बसवला, आणि माझ्या मते त्यांची हुशारी तिथे होती.

माझी भाची अमेरिकेत केंटकी राज्यात हायस्कूलला होती, व्हॉलीबॉल खेळायची. २०१३ च्या ऑक्टोबरात तिने मला फोन करून सांगितलं, की आमच्याकडे आता सामन्यानंतरचं हस्तांदोलन बंद होणार. झालं होतं असं, की तिथल्या शालेय खेळांच्या राज्य संघटनेने शाळांना एक सूचना धाडली होती. आधीच्या तीन वर्षांत सामन्यानंतरच्या रांगेत दोन डझनांहून जास्त मारामाऱ्या झाल्या होत्या. खेळाच्या भरात पेटलेल्या पोरांची समज त्या वेळी तोकडी पडते, असा सूचनेचा सूर. तेव्हा संघटित हस्तांदोलन करू नये, आणि ज्या शाळा करतील त्यांनी त्यावर लक्ष ठेवावं, काही झालं तर जबाबदारी त्यांची. बातमी ‘बंदी’ म्हणून पसरली, मग ही बंदी नाही असा खुलासा संघटनेला करावा लागला. तिकडे म्हणे खूप गदारोळ झाला, पोरांना काय शिकवणार आपण वगैरे. मला त्या लोकांचा राग आला नाही. त्यांना जे दिसलं ते आमच्या बाईंनाही दिसलेलं होतं. शिट्टी होते, पंच सामान आवरायला लागतात, शिक्षक गुणपत्रिकेवर सह्या करत असतात, आणि पोरांच्या अंगातली रग अजून उतरलेली नसते. सामन्यातला सगळ्यात धोक्याचा वेळ तो. फरक इतकाच, की बाईंनी त्या वेळेला मुद्दाम काम दिलं, आणि त्या स्वतः तिथे उभ्या राहिल्या.

हल्ली उभं राहायला कुणाला सवड नसते. गाडी लागलेली असते, पुढचा सामना लावायचा असतो. शिवाय आता प्रमाणपत्राला किंमत आली आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे हवंच होतं, माझ्या मैत्रिणीच्या वेळी असतं तर कदाचित तिच्या वडिलांनी तारीख पुढे ढकलली असती. पण एका गुणावर घरचं भवितव्य टांगलं आहे, असं वाटणारा बाप रेषेपाशी मोबाइल धरून उभा असला, की त्याच्या मुलीला मोकळ्या मनाने हात द्यायला सांगणं अवघड जातं. मी तरी सांगते. मन मोकळं असलेल्यांना रांगेची गरज नसते, ते आपोआप गळ्यात पडतात. रांग असते ती बाकीच्यांसाठी.

२०२५ च्या सप्टेंबरात दुबईला आशिया चषकात भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर हस्तांदोलन झालं नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यावर दिवसभर चर्चा झाली आणि खेळाच्या बाई म्हणून मला मत विचारलं गेलं. देशादेशांत काय चालतं यात मी पडले नाही. माझा प्रश्न जवळचा होता. त्याच आठवड्यात आमच्या आठवीच्या दोन तुकड्यांच्या कबड्डीत पोरांनी एकमेकांना हात द्यायला नकार दिला. “टीव्हीवर पण नाय दिला,” एकाने सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे, हात राहू दे. मध्यरेषेच्या दोन बाजूंना उभे राहा आणि नुसती एक-एक गोष्ट सांगा. तुटक-तुटक सुरुवात झाली. तिसरा पोरगा म्हणाला, “तू पट काढतोस ते मला पण शिकव.” त्यावर समोरच्याने तिथल्या तिथे वाकून दाखवायला सुरुवात केली, आणि पट काढून दाखवायचा तर दुसऱ्याचा पाय धरावाच लागतो.

बाई आता नाहीत. असत्या तर २०२५ च्या जानेवारीत त्यांना मी दिल्लीला नेलं असतं, जबरदस्तीने. इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला अंतिम सामना, भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपली महाराष्ट्राची. पायाखाली मॅट, डोक्यावर दिवे, गुणांची पद्धत नवी, ‘ड्रीम रन’ वगैरे शब्द नवे. पण पळणारी आत शिरली, की बसलेलीच्या टाचा कशा उचलल्या जातात ते बघायला मी टीव्हीच्या इतकी जवळ गेले, की घरचे ओरडले.

सामना संपायला आणि फोन वाजायला एकच गाठ. ती होती. तिची आता बागायत आहे, ऊस आणि कोंबड्या, सून हाताशी आली आहे. दिवाळी-संक्रांतीला आमचा फोन होतो.

“बघितलंस का गं?”

“बघितलं.”

“काय पळती ती पोरगी! खांदाच दावत न्हाई.”

मग मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत मनात होतं ते तिला सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी तू मला खांद्याचं सांगितलंस म्हणून मी जिल्हा संघात गेले, म्हणून पुढे शिकले, म्हणून ही नोकरी, हे सगळं. तुला काही गरज नव्हती. जिंकल्या होतात तुम्ही. आपलं गुपित समोरच्याला कोण देतं? तुझे उपकार आहेत माझ्यावर.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

“अगं येडी का काय तू? तुला खिजवायला म्हनलं व्हतं मी. तू लई शहाणपणा केलास, माझ्या टाचा बघितल्या म्हनलीस. मला आला राग. म्हनलं, हिला दावून देऊ की आमी बी बघतो. तू घरी जाऊन रडशील, असं वाटलं व्हतं.”

“मी रडले नाही.”

“मग माजं चुकलंच की.”

मी म्हटलं, तरी उपकार ते उपकारच. ती म्हणाली, बरं बाई, राहू दे तुझे उपकार, फेडायचे असतील तर आमच्या गावच्या शाळेत ये, पोरी चांगल्या आहेत, मैदान धड नाही, सुतार कुणी उरला नाही. मी येते म्हटलं. मग ती फोन ठेवायच्या बेतात असताना म्हणाली, “आन् एक सांगू का? तुमच्या त्या पोरीचा पाय आतच व्हता. आमी समद्यांनी बघितलेला.”

मी ताडकन उभीच राहिले. “मग तेव्हा का नाही बोललात?”

“आमच्या सरांनी हात द्यायला सांगितलेलं,” ती म्हणाली. “पंचाशी भांडायला न्हाई.”

त्या रात्रीच मी आमच्या त्या पळणारीला फोन केला. ती पुण्यात असते, नातवंडं सांभाळते. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल, निदान गळा दाटून येईल. तिने आधी मला, हे विचारायला तुला इतकी वर्षं कशी लागली, असं विचारलं आणि मग म्हणाली, “नंबर दे तिचा.” मी दिला. दुसऱ्या दिवशी दोघींनी मला वेगवेगळे फोन केले. दोघींचं तासभर कडाक्याचं भांडण झालं होतं आणि दोघींच्या मते आपणच जिंकलो होतो.